आधी जागा, मग ट्रेलर: सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी नवा आरव्ही ट्रेलर घेताना

दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "ट्रेलर घेतला, आता पोकोनोजमध्ये किंवा केप मेकडे एखादी सीझनल साईट सुचव." सीझनल साईट म्हणजे आरव्ही ट्रेलर, अर्थात गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हंगामभर लावून ठेवायला कॅम्पग्राउंडवर भाड्याने मिळणारी जागा. वरातीमागून घोडं ते हेच. ट्रेलर ३६ फुटी, साईट मिळते ती ३२ फुटी. ट्रेलरला ५० अँपची वीज लागते, कॅम्पग्राउंडच्या खांबावर ३० अँपच असतात. नाहीतर कॅम्पग्राउंडच म्हणतं, "आमच्याकडून घेतलेला ट्रेलर असेल तरच सीझनल जागा मिळेल." मग तो नवाकोरा ट्रेलर घरामागे उभा राहतो आणि टाउनशिपची नोटीस येते.

हा लेख न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात राहून साधारण मे ते ऑक्टोबर एकाच ठिकाणी ट्रेलर लावून राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. मुलं कॉलेजला गेलेली, निवृत्ती जवळ आलेली, भारतातून आईबाबा उन्हाळ्यात येणार, असं बहुतेकांचं चित्र असतं. देशभर फिरायचं असेल किंवा बारा महिने ट्रेलरमध्येच राहायचं असेल, तर हिशेब निराळा आहे आणि तो इथे नाही.

सुरुवातीला: एक पान लिहून काढा

डीलरकडे जायच्या आधी घरी बसून या गोष्टी कागदावर लिहा. नवरा-बायकोने वेगवेगळ्या लिहिल्या तर उत्तम; त्या जुळत नाहीत हे तिथेच कळतं.

- रोज रात्री किती जण झोपणार? चार जुलैला किती येतील हा प्रश्न नाही. दोघांसाठी दहा जणांच्या बंकचा ट्रेलर घेणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्या बंकवर आता कपड्यांचे ढीग असतात.
- ट्रेलर वर्षातून किती वेळा हलेल? "दोन-तीन वर्षांतून एकदा" हे उत्तर असेल तर तसंच लिहा.
- कुणाचे गुडघे दुखतात? पायऱ्या, लॉफ्टची शिडी, भिंतीला चिकटलेला पलंग हे सगळं यावर ठरतं.
- सगळं धरून जास्तीत जास्त किती पैसे? यात ट्रेलर, कर, वाहतूक, पहिल्या वर्षाचं साईटभाडं, विमा आणि डेकचा खर्च आला. बहुतेक जण इथे फक्त ट्रेलरची किंमत लिहितात.

टप्पा १: जागा पक्की करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे, म्हणून सगळे तो गाळतात. तीन-चार कॅम्पग्राउंड प्रत्यक्ष पाहा. वेबसाईटवरचे फोटो जूनमधले असतात. तुम्ही एकदा भर पावसात जा, म्हणजे पाणी कुठे साचतं ते दिसेल. शक्य असेल तर एकदा शनिवारी रात्री जा, म्हणजे शेजार कसा आहे ते ऐकू येईल.

ऑफिसमध्ये बसून हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

हंगाम कुठल्या तारखेला सुरू होतो आणि कधी संपतो? या भागात बहुतेक ठिकाणी एप्रिलच्या मध्यापासून किंवा मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाणी चालू असतं. हिवाळ्यात ट्रेलर साईटवरच ठेवता येतो का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का?

भाड्यात काय येतं? वीज बहुधा मीटरवर वेगळी असते. सांडपाण्याची जोडणी थेट आहे, की आठवड्याला टाकी उपसणारी गाडी येते? पाहुण्यांचे दर माणशी पैसे घेतात का? आपल्याकडे पाहुणे एकटे येत नाहीत, त्यामुळे हा आकडा हंगामाअखेर चांगलाच फुगतो.

वीज ३० अँप की ५० अँप? हे एक उत्तर पुढे ट्रेलरची निवड निम्मी करून टाकतं.

साईटची वापरता येणारी लांबी-रुंदी किती? टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी कुठल्या बाजूला आहे तेही बघा. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या जोडण्या सहसा डाव्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असतात. स्लाईड-आऊट (ट्रेलरची बाहेर सरकणारी बाजू) उघडल्यावर तीन फुटांपर्यंत बाहेर येते. ती झाडाला किंवा खांबाला लागता कामा नये.

ट्रेलरच्या वयाची अट आहे का? बऱ्याच ठिकाणी दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर नव्याने आत घेत नाहीत. आज तुमचा नवा आहे, पण उद्या विकायला निघाल तेव्हा ही अट आडवी येते. ट्रेलर साईटवर ठेवूनच विकता येतो का, हेही आत्ताच विचारा. साईटसकट विकता आला तर गिऱ्हाईक मिळतं. नाहीतर आधी तो ओढून बाहेर काढा, मग जाहिरात द्या.

डेक, शेड, स्क्रीन रूम बांधू देतात का? आणि शेवटचा, विचारायला अवघड वाटणारा प्रश्न: सीझनल जागेसाठी ट्रेलर तुमच्याकडूनच घ्यावा लागतो का?

*खबरदारी:* सीझनल करार हा बहुतेक ठिकाणी एका हंगामाचा असतो. पुढच्या वर्षी जागा मिळेलच याची हमी त्यात नसते, आणि हा पत्ता कायमचं घर म्हणून दाखवता येत नाही. कराराची प्रत घरी आणा, रात्री शांतपणे वाचा आणि मगच अनामत भरा.

*इथे थांबून तपासा:* साईट क्रमांक, मोजलेली लांबी-रुंदी, अँप, सांडपाणी, वयाची अट. या पाच गोष्टी कागदावर नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: हलणार की बसणार

आता प्रकार ठरवायचा. डीलर तुम्हाला रंग आणि फायरप्लेस दाखवत असतो, पण मुद्दा एकच आहे: ट्रेलर कोण ओढणार आणि किती वेळा?

*ट्रॅव्हल ट्रेलर* गाडीच्या मागच्या हिचला, म्हणजे जोडायच्या आकड्याला, लागतो. रुंदी साडेआठ फुटांपर्यंत, म्हणजे परवान्याशिवाय रस्त्यावर चालणारी. *फिफ्थ व्हील* पिकअपच्या मागच्या पेटीतल्या हिचवर बसतो. आत उंची आणि साठवण भरपूर, पण पिकअपशिवाय तो हलत नाही आणि बेडरूमला आतल्या पायऱ्या असतात. *डेस्टिनेशन ट्रेलर* हा लांबलचक ट्रॅव्हल ट्रेलरच. त्याला काचेचं सरकतं दार आणि घरगुती आकाराचा फ्रिज असतो, छत उंच असतं. तो वारंवार ओढण्यासाठी बनवलेलाच नसतो. *पार्क मॉडेल* म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जास्तीत जास्त ४०० चौरस फूट. रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त असल्याने तो परवाना काढून व्यावसायिक वाहतूकदारच आणून बसवतो, आणि त्यात बहुधा टाक्या नसतात. थेट सांडपाण्याची जोडणी नसलेल्या साईटवर पार्क मॉडेलचा विचारच करू नका.

माझं मत विचाराल तर, ट्रेलर वर्षातून एकदाही हलणार नसेल तर पिकअप घेऊ नका. वाहतूकदाराला पैसे द्या, तो आणून लावेल. एका फेरीसाठी भलीमोठी पिकअप घेऊन मग पाच वर्षं तिच्यातून कॉस्कोची खरेदी आणणारे काही कमी नाहीत.

स्वतः ओढायचाच असेल तर आकडेमोड करा. सेल्समन म्हणेल, "तुमची गाडी ९,००० पौंड ओढते." ओढत असेल. पण गाडी आधी हात टेकते ती पाठीवरच्या वजनाला, ओढायच्या वजनाला नव्हे. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते लिहिलेलं असतं. समजा, तो आकडा १,५०० आहे.

ट्रेलरचं कमाल भरलेलं वजन ७,६०० पौंड. त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. साडेबारा टक्के धरले तर ९५०. वजन वाटून देणारा हिच सुमारे १००. गाडीत चौघं जण मिळून ५५०. बेरीज झाली १,६००. अजून कूलर, खुर्च्या, लोणच्याच्या बरण्या, काहीच चढवलेलं नाही आणि मर्यादा ओलांडली. फिफ्थ व्हीलचा भार याहून जास्त, साधारण २० टक्क्यांच्या आसपास, पिकअपवर येतो.

*नेहमीची चूक:* हिशेब ट्रेलरच्या रिकाम्या वजनावर करणं. रिकामा ट्रेलर कुणी ओढत नाही. ब्रोशरवरचं कोरडं वजन विसरा आणि कमाल वजन धरा. नुसतं पाणीच गॅलनला ८.३४ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले.

*दुसरी चूक:* मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी समजणं. नावात २८ असलेला ट्रेलर हिचपासून बंपरपर्यंत ३२ फूट भरू शकतो. साईटसाठी ही पूर्ण लांबी लागते.

टप्पा ३: आतला नकाशा निवडा, आणि त्यात दोन तास राहा

इथे घाई करू नका. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला सप्टेंबरमध्ये मोठं आरव्ही प्रदर्शन भरतं. एका दिवसात शेकडो नकाशे पाहायला त्यासारखी जागा नाही. तिथे फक्त बघा, फोटो काढा, मोजा. सही करू नका. "फक्त शोपुरता" सांगितलेला भाव पुढच्या आठवड्यातही सहसा मिळतो.

आवडलेल्या ट्रेलरमध्ये बूट काढून बसा. पलंगावर दोघंही झोपा आणि आतल्या बाजूच्याने रात्री बाथरूमला जायचं आहे असं समजून उठा. शॉवरमध्ये उभं राहून हात वर करा. कमोडवर बसून दार लावा. गुडघे दाराला लागले तर ते सहा महिने रोज लागणार आहेत. स्लाईड बंद करायला सांगा आणि तेव्हाही फ्रिज आणि बाथरूमपर्यंत जाता येतं का ते पाहा. प्रवासात वाटेवर थांबलात की हे कळतं.

पायऱ्यांवर आईबाबांना चढवून बघा. ते इथे नसतील तर त्यांच्या वयाचं कुणी सोबत न्या. लॉफ्टची शिडी नातवंडांसाठी ठीक, सत्तरीच्या माणसासाठी नाही.

मग स्वयंपाकघर. इथे आपली गरज आणि ट्रेलर बनवणाऱ्याची कल्पना यांत बरंच अंतर आहे. त्याच्या डोक्यात सकाळची पॅनकेक आणि संध्याकाळी बाहेरचं ग्रिल. आपल्याकडे फोडणी, कुकर, मिक्सर आणि पोळ्या.

- वरचा पंखा हवा बाहेर टाकतो का, हे तपासा. काहींमध्ये हवा जाळीतून गाळून पुन्हा आतच सोडतात. तसं असेल तर फोडणीचा वास पडद्यांत आणि गादीत बसतो, शिवाय धुराचा अलार्म रोज वाजतो.
- ओट्यावर पोळपाट-लाटणं मांडता येईल एवढी सलग जागा आहे का? सिंकवरची झाकणं धरू नका, ती दिवसभर उचललेलीच असतात.
- दोन बर्नरवर कुकर आणि कढई शेजारी बसतात का? खरंच भांडी घेऊन जा. सेल्समन हसेल, हसू दे.
- ओट्याचा आणि कपाटांचा रंग. पांढऱ्या ओट्यावर हळदीचे डाग पहिल्याच आठवड्यात पडतात.
- भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर चालत नाही. ट्रेलरमध्ये ट्रान्सफॉर्मर लावायच्या भानगडीत पडू नका, इथला मिक्सर घ्या.

*विजेचा हिशेब:* ३० अँप म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. छतावरचा एसी सुमारे १३ अँप घेतो, मायक्रोवेव्ह १२, गिझरची विजेवरची कॉइल १२. तिन्ही एकदम लावले की ३७, ब्रेकर पडला. ३० अँपच्या साईटवर गिझर गॅसवर चालवायचा आणि एसी बंद केल्याशिवाय इंडक्शन लावायचं नाही, ही सवयच करावी लागते. ५० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, म्हणजे एकूण १२,००० वॅट. तिथे दोन एसीही आरामात चालतात. जुलैत सहा जणांचा स्वयंपाक करणार असाल तर ५० अँपची साईट शोधा, त्यासाठी थोडं लांब जावं लागलं तरी.

सांडपाण्याच्या टाक्याही बघा. भांडी आणि आंघोळीचं पाणी ग्रे टाकीत जातं, संडासचं ब्लॅक टाकीत. थेट जोडणी नसलेल्या साईटवर ३० गॅलनची ग्रे टाकी दोन दिवसांत भरते. बादलीने आंघोळ करणाऱ्यांची थोडी उशिरा भरेल!

टप्पा ४: बांधणी आणि वॉरंटी, कागदावर आणि छतावर

बांधणीत फार खोलात शिरायचं कारण नाही. उत्तर अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्खार्ट परिसरात बनतात, आणि बरेचसे ब्रँड थॉर किंवा फॉरेस्ट रिव्हर या दोन मोठ्या कंपन्यांच्याच छत्राखाली येतात. नाव वेगळं म्हणून दर्जा वेगळा, असं धरून चालू नका. हाच एक नग नीट बनला आहे का, ते पाहा.

छतावर चढायला सांगा किंवा शिडीवरून बघा. छतातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक नळी आणि खिडकीभोवती सीलंट सलग आहे का? कोपऱ्यातली कपाटं उघडून आत टॉर्च मारा. पाण्याचा डाग तिथे आधी दिसतो. बाहेरच्या फायबरग्लासवर तिरपा प्रकाश टाका. कुठे फुगवटा असेल तर आतला थर सुटू लागला आहे. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांवर बनल्याची तारीख असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. "नव्या" ट्रेलरचे टायर दोन वर्षं जुने निघाले तर तो ट्रेलर तेवढा काळ अंगणात उभा होता. मग किंमतही तशी हवी.

'फोर सीझन', म्हणजे चारही ऋतूंत चालणारा, या स्टिकरवर भुलू नका. प्रत्येक कंपनी तो आपापल्या अर्थाने लावते. खालचा भाग बंदिस्त आणि गरम राखलेला आहे का, नळ्या कुठून जातात, हे विचारा. ऑक्टोबरच्या थंडीत तेच कामाला येतं.

वॉरंटीची पुस्तिका खरेदीआधी मागा. ती नंतर मिळते असं सांगतील, पण आधी मागितली तर देतात. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत कायमचा निवास वगळलेला असतो. 'हंगामी वापर' त्यांच्या व्याख्येत कुठे बसतो हे लिखित विचारून घ्या. छताच्या सीलंटची ठरावीक काळाने तपासणी केल्याचे पुरावेही काही जण मागतात.

*वेळेची युक्ती:* वॉरंटीचं वर्ष ताबा घेतलेल्या दिवसापासून मोजतात. शरद ऋतूत जुन्या मॉडेल-वर्षाचे ट्रेलर स्वस्त मिळतात, तेव्हा सौदा करा. पण ताबा मेच्या अखेरीस घ्यायचं आणि तोवर ट्रेलर डीलरकडेच राहील असं करारात लिहून घ्या. मग पहिला हंगाम वॉरंटीत जातोच, शिवाय पुढच्या एप्रिलमध्ये हिवाळ्यात काय फुटलं ते दिसेल तेव्हाही चार-पाच आठवडे हातात असतात.

टप्पा ५: किंमत एकाच आकड्यात

डीलरला एकच प्रश्न लेखी विचारा: "सगळं धरून, दाराबाहेर पडताना किती?" ट्रेलरची किंमत, कारखान्यापासूनचं भाडं, तयारीचा खर्च, कागदपत्रांची फी, कर, नोंदणी आणि साईटवर आणून लावण्याचं भाडं हे सगळं त्या एका आकड्यात हवं. छापील किंमतीवर मोठी सवलत मिळते. ती मिळाली म्हणून खूश होऊ नका, कारण फीच्या रूपाने ती परत वसूल होते. तीन डीलरांचे असे तीन आकडे ईमेलवर घ्या आणि मगच प्रत्यक्ष बोला.

मात्र सगळ्यात स्वस्त डीलर आठ राज्यं लांब असेल तर विचार करा. वॉरंटीचं काम करताना डीलर आधी आपल्या गिऱ्हाइकांचं करतात.

न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, पेनसिल्व्हेनियात बहुतेक ठिकाणी ६. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही म्हणून तिथे जाऊन घेतला, तरी घरच्या राज्यात नोंदणी करताना तो भरावाच लागतो.

कर्ज घेणार असाल तर आधी क्रेडिट युनियनकडून दर काढून आणा. ट्रेलरला १५-२० वर्षांचं कर्ज मिळतं. हप्ता लहान दिसतो, पण ट्रेलरची किंमत कर्जापेक्षा कितीतरी वेगाने उतरते. चार वर्षांनी विकायला निघालात तर खिशातून पैसे घालून विकावा लागतो. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असलेला ट्रेलर आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) नियमात दुसरं घर धरला जाऊ शकतो, आणि त्याच्याच तारणावर घेतलेल्या कर्जाचं व्याज वजावटीला पात्र ठरू शकतं. पण ते वजावटी एकेक करून दाखवणाऱ्यांनाच. तुमच्या सीपीएला (कराचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला) विचारा, सेल्समनला नको.

*गैरसमज:* "तीन दिवसांत सौदा रद्द करता येतो." डीलरच्या कायमच्या दुकानात बसून केलेल्या खरेदीला हा नियम लागू होत नाही. सही झाली की झाली.

फायनान्सच्या खोलीत कापडावरचं संरक्षण, टायरची योजना, वाढीव वॉरंटी यांची यादी पुढे येते. त्यातलं काहीही त्याच टेबलावर घ्यायलाच हवं असं नाही. "घरी वाचून कळवतो," एवढंच म्हणा. पुणेरी आवाजात म्हटलं तर आणखी लवकर संपतं.

टप्पा ६: ताबा घेण्याआधीची तपासणी

पूर्ण पैसे या तपासणीनंतरच द्यायचे. सौद्याच्या वेळी हे लिहून घेतलं नसेल तर आता कुणी ऐकत नाही, म्हणून ते आधीच लिहून घ्या. किमान तीन-चार तास धरा, सकाळी जा. ट्रेलरला वीज, पाणी आणि गॅस तिन्ही जोडलेलं हवं. नॅशनल आरव्ही इन्स्पेक्टर्स असोसिएशनकडून प्रमाणित झालेला स्वतंत्र तपासनीस बोलावता येतो. एवढ्या मोठ्या खरेदीत तो खर्च मला तरी वावगा वाटत नाही.

गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला बराच वेळ घेतो, म्हणून तो आदल्या रात्री चालू ठेवायला फोन करून सांगा. मग या क्रमाने जा:

१. बाहेरून प्रदक्षिणा. दारं, खिडक्या, सीलंट, टायर, छत, खालची बाजू. व्हीआयएन, म्हणजे ट्रेलरचा ओळख क्रमांक, कागदाशी जुळतो का?

२. स्लाईड तीन वेळा आत-बाहेर. आवाज बदलतो का, एक बाजू मागे राहते का? ट्रेलरच्या बाजूची कापडी छत्री (ऑनिंग) पूर्ण उघडा.

३. पाणी. आधी पंप लावा, नळ उघडून हवा काढा, मग सगळे नळ बंद करा. पंप थांबला पाहिजे. कुणी पाणी वापरत नसताना तो मधूनमधून सुरू झाला तर कुठेतरी गळती आहे. सिंक, बेसिन, शॉवर यांच्या खाली हात घालून ओल बघा.

४. गिझर. टाकीत पाणी भरलंय याची खात्री झाल्यावरच विजेवर लावा. रिकाम्या टाकीत लावला तर कॉइल मिनिटांत जळते. नंतर गॅसवरही चालवून पाहा.

५. एसी, हीटर, सगळे बर्नर, मायक्रोवेव्ह, प्रत्येक प्लग. गॅस आणि कार्बन मोनॉक्साईडचे अलार्म दाबून बघा, आणि त्यांची मुदत वाचा.

६. शेवटी पाण्याचा पाईप घेऊन छतावर, खिडक्यांवर आणि स्लाईडच्या कडांवर वीस मिनिटं पाणी मारा. आत एक जण टॉर्च घेऊन उभा राहू दे.

जे सापडेल ते यादीत लिहा. त्यावर "डीलर अमुक तारखेपर्यंत स्वखर्चाने करून देईल" असं लिहून सही घ्या. मी पहिल्या वेळी हे केलं नाही. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, डीलरचा माणूस भला वाटला, "पुढच्या आठवड्यात साईटवर येऊन करतो" म्हणाला. शॉवरखालची गळती ऑगस्टमध्ये दुरुस्त झाली. तोवर जमिनीची एक पट्टी फुगून वर आली होती, आणि तिचं काय करायचं यावर वेगळा वाद झाला.

*नियम:* यादी लांब असेल तर ट्रेलर तिथेच सोडून या. एकदा तो अंगणाबाहेर पडला की तुमचा नंबर रांगेत मागे जातो.

टप्पा ७: साईटवर बसवताना

विमा ट्रेलर पोचण्याआधी चालू झालेला हवा. एका जागी उभ्या ट्रेलरची, वैयक्तिक जबाबदारीसह पॉलिसी मागा. नुकसान झालं तर नव्या ट्रेलरची किंमत मिळणार की घसारा वजा करून, हे विचारा.

बसवण्याचा क्रम चुकवू नका. आधी डावी-उजवी बाजू समपातळीत. मग चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना पाचर. त्यानंतर हिचपासून सोडवणं, पुढची-मागची पातळी आणि शेवटी कोपऱ्यांचे आधार. हे आधार ट्रेलर स्थिर करायला असतात, उचलायला नव्हे. त्यांनी उचलला तर चौकट पिळवटते आणि दारं लागेनाशी होतात. स्लाईड सगळ्यात शेवटी.

वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर बंद, मग विजेचा संरक्षक, मग ट्रेलरची केबल, आणि शेवटी ब्रेकर चालू. नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा. काही कॅम्पग्राउंडचा दाब ट्रेलरच्या नळ्यांना सोसत नाही.

*गंभीर खबरदारी:* घरी गॅरेजजवळ ट्रेलरसाठी ३० अँपचा प्लग बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा की तो १२० व्होल्टचा हवा. ड्रायरचा समजून २४० व्होल्ट जोडल्याने अनेकांच्या ट्रेलरमधली सगळी उपकरणं एका क्षणात गेली आहेत.

थेट सांडपाणी जोडलेल्या साईटवर नव्यांची हमखास होणारी चूक म्हणजे ब्लॅक टाकीची झडप उघडीच ठेवणं. पाणी निघून जातं, घट्ट माल खाली साचून दगड होतो. झडप बंद ठेवा, भरपूर पाणी वापरा, टाकी बरीचशी भरली की एकदम सोडा आणि लगेच मागून ग्रे टाकीचं पाणी सोडून पाईप धुऊन काढा. संडासला पाण्याचा जेट लावून घेतला असेल तर ब्लॅक टाकीचं भलंच होतं.

टप्पा ८: पहिले सहा आठवडे आणि पहिला ऑक्टोबर

पहिल्या महिन्यात सलग दोन आठवडे राहा, वीकेंडपुरते येऊन-जाऊन नको. सगळी उपकरणं मुद्दाम चालवा. जोरदार पाऊस पडला की कोपरे तपासा. प्रत्येक दोष फोटोसह त्याच दिवशी डीलरला ईमेल करा. फोनवर सांगितलेलं वॉरंटीच्या वादात धरत नाहीत.

पाणी बंद करायची तारीख कॅम्पग्राउंड सांगतं, पण गोठणारी रात्र त्याआधीही येऊ शकते. हवामान बघून हे करा: गिझर थंड होऊ द्या आणि रिकामा करा, त्याचा बायपास फिरवा, सगळ्या टाक्या सोडा, मग पंपाने गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ प्रत्येक नळातून रंग दिसेपर्यंत फिरवा. बाहेरचा शॉवर आणि संडासचा जेट विसरू नका; आमच्या शेजारच्या साईटवर दोन वर्षं सलग जेटच फुटला. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं अँटीफ्रीझ अजिबात नको, ते विषारी असतं. फ्रिज पुसून त्याचं दार थोडं उघडं ठेवा. तांदूळ, डाळी, पोहे, बेसन सगळं घरी न्या. डब्यात घट्ट लावलेलं असलं तरी न्या, कारण उंदीर आधी वास काढतो आणि मग वायर कुरतडतो.